कास भरली की वसंत

आमच्या इथे वसंत आधी नाकाला कळतो. आणि तो वास मोहोराचा किंवा मोगऱ्याचा नसतो, शेणाचा असतो.

नोव्हेंबरपासून गोठून दगड झालेलं शेण फेब्रुवारीच्या अखेरीस एखाद्या दुपारी सैल पडतं. त्याआधीचे तीन-चार महिने हवेला वास म्हणून नसतोच. मग एक दिवस कामावरून परतताना मी गाडीची काच चार बोटं खाली करते आणि एकदम कऱ्हाडजवळच्या आमच्या जुन्या घराचा गोठा गाडीत येऊन बसतो. पहिल्या वर्षी मला रडूच आलं. नवऱ्याने विचारलं, काय झालं? आता शेणाच्या वासाने डोळे भरून आले हे सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला कसं सांगायचं! धूळ गेली डोळ्यात, म्हटलं. बाहेर सगळीकडे बर्फ होता.

आम्ही राहतो ते व्हॅलेंटाइन नावाच्या गावाबाहेर, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या उत्तर टोकाला. गावाच्या नावावर जाऊ नका. फेब्रुवारीत जगभरातून लोक इथल्या पोस्टाचा शिक्का मारून घ्यायला प्रेमपत्रं पाठवतात, पण त्या महिन्यात इथे प्रेम करायचं तर हातमोजे घालूनच. हा सगळा मुलूख सँडहिल्स म्हणजे वाळूच्या टेकड्यांचा. जवळजवळ ५० हजार चौरस किलोमीटर नुसती वाळू, आणि ती जागेवर धरून ठेवलीय गवताने. नांगर घातला की वाळू उडायला लागते, म्हणून इथे पिकं थोडी, गवत फार, आणि गवत तिथे गाई. आमची चेरी काउंटी आकाराने साधारण पुणे जिल्ह्याएवढी आहे आणि माणसं साडेपाच हजार. तेवढी तर सकाळी स्वारगेटला बसची वाट बघत असतील.

आमच्या कुंपणापलीकडे एका आजी-आजोबांची रँच आहे. आमच्या पहिल्या हिवाळ्यात रस्ता बंद झाला तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरने आमचं दार मोकळं करून दिलं, तेव्हापासूनचा घरोबा. त्यांच्याकडे काळ्या अँगस गाई आहेत. या गाई दुधाच्या नव्हेत, मांसाच्या. हे वाक्य मराठीत लिहिताना माझा हात अजूनही अडखळतो. वासरं ऑक्टोबरात आयांपासून तोडतात आणि लिलावाला नेतात. त्या दिवशी मी तिकडे फिरकत नाही. आजी म्हणतात, आजोबाही त्या संध्याकाळी जेवताना बोलत नाहीत. पण ते ऑक्टोबराचं. मार्चमध्ये तिथे दुसरंच जग असतं.

वसंताबद्दलची माझी सगळी माहिती शाळेतल्या निबंधाची. आम्रवृक्षाला मोहोर, कोकिळेचं कूजन, पळस-पांगारा, संपला वसंत. आजोबांना मी एकदा विचारलं, तुम्हाला वसंत आला हे कशावरून कळतं? ते म्हणाले, "गाईच्या मागच्या बाजूवरून." मला वाटलं थट्टा करतायत. मग त्यांनी कुंपणाशी उभं करून दाखवलं. कास भरून तुकतुकीत झालेली, शेपटीच्या दोन्ही अंगांना खळगे पडलेले, चाल रुंदावलेली. कळप गवताला तोंड लावून उभा असताना ही एकटीच लांब जाऊन शेपूट वर धरून उभी. व्यायला टेकलेल्या पहिलारू कालवडीला इथल्या बोलीत ‘स्प्रिंगर’ म्हणतात. वसंतालाही स्प्रिंगच. इंग्रजीचा मला कधी नव्हे तो हेवा वाटला.

मजा म्हणजे हा वसंत आदल्या उन्हाळ्यातच तारखेनिशी ठरलेला असतो. गाय साधारण २८३ दिवस गाभण राहते. १ जूनला, म्हणजे आपल्या मृगाच्या आठवडाभर आधी, वळू कळपात सोडला की पहिलं वासरू ११ मार्चच्या आगेमागे. कालवडींना मोठ्या गाईंच्या दोन-तीन आठवडे आधी फळवतात, कारण पहिलारूला मदत लागते आणि तेव्हा हात मोकळे हवेत. म्हणजे त्यांच्याकडे फेब्रुवारी संपतानाच जागरणं सुरू. उणे १५ अंशांत रात्री दोन वाजता विजेरी घेऊन गाईंच्या शेपट्या बघत फिरायचं हे काम त्यांनी पन्नास वर्षं केलंय. आता ते वैरण सूर्यास्ताच्या सुमारास घालतात. कॅनडातल्या मॅनिटोबात गस कोनेफल नावाच्या पशुपालकाच्या ध्यानात आलं होतं, की रात्री खायला घातलेल्या गाई बहुतेक करून दिवसा वितात. त्याच्याकडे पाचातली चार वासरं सकाळी सात ते संध्याकाळी सात या वेळात आली. आजोबांनी हे ऐकलं, पहिल्यांदा हसले, दुसऱ्या वर्षी करून बघितलं. "पन्नास वर्षांची झोप कुणाकडे मागू?" असं ते अधूनमधून विचारतात.

वैरणीबरोबर ‘केक’ही असतो. पहिल्यांदा मी ते ऐकलं तेव्हा आजीच्या हातचा केक आजोबा गाईंना घालतात असं समजून दोघांच्याही स्वभावाबद्दल भलभलते अंदाज बांधले होते. केक म्हणजे अंगठ्याएवढ्या दाबलेल्या कांड्या. पूर्वी या सरकीच्या पेंडीच्या असत, नाव तेव्हाचं. म्हणजे आमच्या दादांनी बाजारातून पोत्याने आणलेली तीच ती पेंड. गाडीचा भोंगा वाजला की अडीचशे गरोदर गाई टेकडीवरून धावत येतात. जमीन हलते. एरवी बाळंतपणाला टेकलेल्या बायकांनी कसं हळू चालावं यावर आमच्याकडे केवढी प्रवचनं होत.

आता ती होळीची गोष्ट. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. चणाडाळ ऑनलाइन मागवलेली, गूळ सासूबाईंनी बॅगेतून पाठवलेला. बाहेर पहाटेपासून बर्फाचा भुरका पडत होता. चार पोळ्या डब्यात घालून मी रँचवर गेले. मागच्या दाराने आत शिरले तर स्वयंपाकघरात कोणी नाही, आणि न्हाणीघरातून आजी हाका मारतायत, "ये, आतच ये, माझे हात गुंतलेत!" आत टबमध्ये कोमट पाण्यात एक काळं वासरू. डोकं आजीच्या हातावर, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. पहिलारूने पहाटे उघड्यावर बर्फात टाकलं आणि घाबरून लांब जाऊन उभी राहिली, चाटलंच नाही. ओलं वासरू वाऱ्यात तासभर राहिलं तर संपलं. जगलं तरी कानाच्या टोकांना हिमबाधा होते. कळपात दोन-तीन तोकड्या कानांच्या गाई आहेत, त्या अशाच एखाद्या मार्चच्या खुणा.

आजोबांनी फ्रीझर उघडून आइस्क्रीमच्या डब्यामागून एक पिशवी काढली. पिवळसर, घट्ट, वर तारीख लिहिलेली. मी ओळखलं. चीक! सात वर्षं मी खरवस खाल्ला नव्हता. माझ्या तोंडाला जे पाणी सुटलं ते त्या प्रसंगाला मुळीच शोभणारं नव्हतं. दूरच्या एका दुधाच्या गोठ्यातून ते दर हिवाळ्यात असा चीक आणून ठेवतात. वासराच्या रक्तात जन्मतः रोगाशी लढायला काहीच नसतं, आईच्या वारेतून ते येत नाही. सगळं चिकातून मिळतं, आणि आतड्याची ही दारं पहिल्या दिवसातच बंद होत जातात. जितक्या लवकर पोटात जाईल तितकं बरं. नळीने चीक पाजला, हेअर ड्रायरने अंग कोरडं केलं, आणि तासाभरात ते बेटं न्हाणीघराच्या फरशीवर चार पाय चार दिशांना फाकून उभं राहिलं आणि पहिलं काम काय केलं, तर पायपुसण्यावर मुतलं. आजी टाळ्या वाजवत होत्या.

मग ओट्याशी उभ्यानेच तिघांनी पुरणपोळी खाल्ली. आजोबांना ती ‘गोड डाळीची टॉर्टिया’ म्हणून पसंत पडली. मी त्यांना खरवसाचं सांगितलं. चीक, वेलदोडा, गूळ, वाफ. त्यांनी फ्रीझरकडे आणि माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की पुढच्या खेपेला पिशव्या मोजून ठेवतील. पुरणपोळीचा एक तुकडा त्या वासराच्या आईला घालावा असं माझ्या मनात होतं. आमच्याकडे पहिला घास गाईचा. आजोबांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. व्यालेली अँगस म्हणजे काही गरीब गाय नव्हे. तिच्या आणि वासराच्या मधे उभं राहणाऱ्याला ती थेट कुंपणावर बसवते. ही तर आता वासरू हुंगून खर्जात हंबरायला लागली होती. तुकडा मीच खाल्ला.

तर वसंत असा न्हाणीघरात आला तरी आजोबा त्याला आला म्हणायला तयार नसतात. बर्फ वितळतो, टेकड्या वाळूच्या म्हणून पाणी झिरपून जातं, पण गोठ्याच्या आवारात चार महिन्यांचं शेण आणि बर्फाचं पाणी मिळून घोट्यावर चिखल होतो. माझा एक बूट त्यात कायमचा आहे. गाई केस टाकायला लागतात, खांबांना अंग घासतात, काटेरी तारेवर काळ्या केसांचे झुबके लोंबतात आणि पाखरं ते घरट्यांसाठी ओढून नेतात. पवनचक्कीखालच्या टाकीत बर्फ फोडायला लागत नाही. मी म्हणते, "आता कुऱ्हाड आत ठेवा." ते ठेवत नाहीत. मे उजाडेपर्यंत ती टाकीला टेकलेली असते.

त्यांचंही खरं आहे. १३ मार्च २०१९ ला ऐन विण्याच्या दिवसांत इथे वादळ आलं, आधी पाऊस, मग बर्फ. गोठलेल्या जमिनीत पाणी मुरेना. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याच नायोब्रारा नदीवरचं, खाली पूर्वेकडचं स्पेन्सर धरण फुटलं, आणि गाडीएवढाले बर्फाचे तुकडे शेतांतून वाहत गेले. राज्यभर किती वासरं गेली त्याला गणती नाही. आजोबांनी त्या आठवड्याबद्दल मला एकदाच सांगितलं, तेही दुसरीकडे बघत. आम्ही तेव्हा इथे आलो नव्हतो.

एवढं असूनही एक गोष्ट त्यांना हळवं करते, ती म्हणजे मेडोलार्क. राज्याचा पक्षी आहे हा. मैनेएवढा, छाती हळदीसारखी पिवळी आणि त्यावर काळी पट्टी, जणू बंडीचा गळा. मार्चमधल्या एखाद्या सकाळी कुंपणाच्या खांबावर बसून तो बासरीचे चार-पाच सूर एकावर एक ओततो. कोकिळेसारखी विनवणी नाही त्यात. काम झालं, आता गातो, असा थाट. आजोबा ट्रॅक्टर बंद करतात. केबिनचं दार उघडून बसून राहतात. पुढे मग क्रौंचांचे थवे. प्लॅट नदीवर, इथून तीनेक तासांवर, मार्चभर लाखो क्रौंच मुक्कामाला असतात. एप्रिलच्या सुरुवातीला दक्षिणेचा वारा धरून ते आमच्या डोक्यावरून उत्तरेला जातात, इतक्या उंचावरून की दिसायच्या आधी त्यांची करकर ऐकू येते. आपल्याकडच्या करकोच्याचेच हे भाऊबंद. मान वर करून बघताना माझी टोपी दर वर्षी चिखलात पडते.

पाडव्याला मी गुढी उभारते. इथला वारा बघता हे धाडसच. पहिल्या वर्षी तांब्या निम्म्या कुरणापर्यंत घरंगळत गेला होता. आता आजोबांनी गवताचे गठ्ठे बांधायची नारिंगी दोरी दिलीय, तिने काठी कुंपणाच्या खांबाला आवळून बांधते. तोवर कुरणात पन्नास-साठ वासरं झालेली असतात. संध्याकाळी उन्हं कलली की त्यांना काय होतं कोण जाणे, सगळी एकदम शेपट्या उभारून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट धावतात, थांबतात, वळतात, परत धावतात. एखादी गाय दाई म्हणून मागे राहिलेली असते. ती आपल्या वाडीतल्या म्हाताऱ्यांसारखी जागची न हलता नुसती हंबरते. यंदा गुढीचा जरीचा खण फडफडायला लागला तसा सगळा कळप येऊन तारेपलीकडे ओळीने उभा राहिला. मी एकटीने आरती म्हटली. प्रेक्षक फार शांत होते.

आजोबांच्या शर्टाच्या खिशात एक बारकी लाल वही असते. गाईचा नंबर, तारीख, पाडा की पाडी, शेरा. परवा त्यांनी चष्मा शोधता शोधता ती माझ्या हातात दिली. "४१७, पाडा, बरा." "२०९, जुळी, एक गेलं." "३३२, पाडी, टब." मधेच एका ओळीत नंबर नाही, काही नाही, नुसतं "लार्क, सकाळी ७:१०."

आमच्या स्वयंपाकघरात आईने पाठवलेलं कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यातल्या सूर्योदयाच्या वेळा मुंबईच्या, इथे कशालाच उपयोगी नाहीत. आई त्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहायची, दीड लिटर, खाडा, दोन लिटर. घरी येऊन मी पेन घेतलं आणि मार्चच्या पानावर त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं: ७:१०. नवऱ्याने विचारलं, हे काय, कुणाची अपॉइंटमेंट?