तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीला ग्राउंडिंग किट लावावं का?

गाड्यांच्या वायरिंगचं काम करते म्हटल्यावर हा प्रश्न मला सारखा येतो. ते रंगीत वायरींचं ग्राउंडिंग किट मिळतं ना, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनवर आणि बॉडीवर चार-पाच ठिकाणी वायरी टाकायच्या, ते लावून घेऊ का, पिकअप वाढतो का, ॲव्हरेज वाढतं का, हेडलाइट चांगले लागतात का. कोणी त्याला अर्थिंग किट म्हणतं, वस्तू तीच. नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही, कारण गाडीचा मूळचा अर्थ, म्हणजे करंट बॉडीतून आणि इंजिनमधून बॅटरीकडे परत जायचा रस्ता, खराब झालेला असेल तर एकच चांगली वायर गाडीत मोठा फरक पाडते आणि अर्थ ठणठणीत असेल तर पाच वायरी टाकून पण काही होत नाही. तुमची गाडी कशात बसते ते मोजल्याशिवाय कळत नाही, म्हणून मी किटबद्दल बोलायच्या आधी मल्टिमीटरबद्दल, म्हणजे व्होल्ट आणि ओहम मोजायच्या छोट्या मीटरबद्दल बोलते.

पण त्याच्या आधी करंट कसा फिरतो ते बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गाडीत प्लसची वायर प्रत्येक बल्बपर्यंत, प्रत्येक मोटरपर्यंत जाते, पण परत यायला बहुतेक ठिकाणी वेगळी वायर बॅटरीपर्यंत आणलेली नसते, जवळच बॉडीच्या पत्र्याला बोल्ट मारलेला असतो आणि पत्रा हाच परतीचा रस्ता. आता इंजिन बसलंय रबराच्या माउंटिंगवर, म्हणजे इंजिन आणि बॉडी यांचा विजेच्या दृष्टीने धड संबंधच नाही, तो जोडायला एक जाड केबल किंवा तांब्याची विणलेली पट्टी दिलेली असते. ही पट्टी खाली कुठेतरी गिअरबॉक्सजवळ, चिखल, पाणी, ऑइल, इंजिनाची थरथर सगळं खात पडलेली असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

या पट्टीचं महत्त्व किती ते एका गाडीवरून सांगते. क्लच प्लेटचं काम करून आलेली गाडी, तेव्हापासून सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर, जड झाला म्हणून तक्रार, बॅटरी नवीन टाकून झाली, तरी तेच. बोनेट उघडून मी मालकाला सेल्फ मारायला सांगितला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावला, तर ती गरम! गिअरबॉक्स उतरवताना अर्थची पट्टी काढली होती आणि परत लावायची राहून गेली होती, मग सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर करंट बॉडीतून इंजिनकडे जायला जो मिळेल तो रस्ता शोधत होता आणि त्याला ती बारीकशी केबल सापडली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर आतलं प्लास्टिक वितळून केबल जॅम झाली असती, आणि ॲक्सिलरेटरची केबल जॅम होणं म्हणजे काय ते सांगायला नको. पट्टी लावली, सेल्फ एका झटक्यात. यालाच कोणी किट लावून दिलं असतं तरी गाडी सुधारली असती बरं का, आणि मालकाने सगळ्यांना सांगितलं असतं की किट म्हणजे जादू आहे! किटची जी खरीखुरी चांगली उदाहरणं तुमच्या कानावर येतात त्यातली बरीचशी अशीच असतात, तुटलेल्या किंवा गंजलेल्या अर्थला पर्याय मिळाला एवढंच.

आता मोजायचं कसं. मीटर ओहमवर, म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर ठेवून अर्थ तपासायचा नाही, हे सगळ्यात आधी. ओहम मोजताना मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, पट्टीच्या शंभर तारांतली एक तार शिल्लक असली तरी तो सगळं ठीक दाखवेल, शिवाय आपल्याला हवाय मिलिओहमचा, म्हणजे ओहमच्या हजाराव्या भागाचा हिशोब आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, खांबावरच हं, वरच्या क्लॅम्पवर नाही, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यातली पांढरी बुरशी हाच कितीदा चोर असतो. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या बोल्टच्या डोक्यावर वगैरे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. फ्यूल पंपाचा फ्यूज काढून ठेवलात तर इंजिन चालू न होता नुसतं फिरेल आणि आकडा निवांत बघता येईल. सेल्फ फिरत असताना ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर इंजिनचा अर्थ चांगला आहे. अर्धा व्होल्ट दिसला तर तिथे काम आहे.

दुसरं मोजमाप इंजिन चालू ठेवून, आणि हे बरेच लोक करतच नाहीत. हेडलाइट, एसीचा ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू करा आणि मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर आणि दुसरं बॉडीच्या उघड्या पत्र्यावर लावा, इंजिनच्या फिरणाऱ्या पट्ट्यापासून (बेल्टपासून) आणि पंख्यापासून हात, वायरी लांब ठेवून. अल्टरनेटर का, तर गाडी चालू असताना वीज तो देतो, बॅटरी नाही, आणि तो इंजिनला बोल्टने बसवलेला असतो, म्हणजे लाइट-ब्लोअरचा करंट बॉडीतून इंजिनवर आणि इंजिनवरून अल्टरनेटरला परत जातो. बॅटरीच्या मायनसचा यात फार संबंध येत नाही. इथे ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. आता तुम्हीच बघा, किटमधल्या सगळ्या वायरी बॅटरीच्या मायनसवर आणून बांधलेल्या असतात आणि गाडी चालताना ज्या रस्त्याने खरा करंट जातो तो इंजिन ते बॉडी हा रस्ता आहे, तिथे थेट एक वायर टाकली तर ती पाच वायरींपेक्षा जास्त कामाची.

प्लसची बाजू पण अशीच मोजा, प्लस खांब ते सेल्फ मोटरचा मोठा बोल्ट, कारण सेल्फ जड असला की सगळे अर्थच्या मागे लागतात आणि दोष प्लसच्या केबलमध्ये निघतो. आणि बॅटरी स्वतः, रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये, ती जात असेल तर अर्थला कितीही वायरी बांधा, उपयोग नाही.

समजा आकडे चांगले आले, तरी किट लावल्याने थोडा तरी फायदा होईलच ना, असं पुढचं विचारणं असतं. हिशोब करून दाखवते. धरून चला की मूळचा अर्थ चांगला आहे, एक मिलिओहम. किटमधली ८ स्क्वेअर एमएमची मीटरभर तांब्याची वायर साधारण दोन मिलिओहम. दोन्ही रस्ते एकमेकांना समांतर, म्हणून रेझिस्टन्स कमी होतो, दोन्ही मिळून झाले ०.६७ मिलिओहम. सेल्फला १५० अँपिअर धरले तर आधी ०.१५ व्होल्ट पडत होते, आता ०.१० पडतील, म्हणजे ते दोन सेकंद सेल्फला ०.०५ व्होल्ट जास्त मिळाले. गाडी चालताना ३० अँपिअर धरले तर ०.०३ चे ०.०२ झाले. अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतोय, त्यात एक शतांश व्होल्टने हेडलाइटचा उजेड वाढलेला कोणाच्या डोळ्याला दिसणार नाही.

ठिणगी जोरदार पडते असं पण म्हणतात. इग्निशन कॉइलला किती वेळ चार्ज करायचं हे इसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बॅटरीचं व्होल्टेज बघून ठरवतो, व्होल्टेज कमी असेल तर वेळ वाढवतो, म्हणजे एवढ्यातेवढ्या फरकाची भरपाई तो आधीच करत असतो. पेट्रोल किती सोडायचं ते ऑक्सिजन सेन्सर बघून ठरतं. आणि सेन्सरांचा अर्थ बॉडीला नसतोच बहुतेक, त्यांची परतीची वायर वेगळी, ती सरळ इसीयूकडे जाते, त्यामुळे इनटेकवर किंवा थ्रॉटल बॉडीवर वायर बांधून सेन्सरचं रीडिंग सुधारतं हे काही खरं नाही.

मग ज्यांना फरक जाणवतो ते खोटं बोलतात का? अजिबात नाही, आणि हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. किट लावताना बॅटरीचा मायनस काढावा लागतो आणि बऱ्याच गाड्यांमध्ये त्यामुळे इसीयूने शिकून ठेवलेलं पुसलं जातं, पेट्रोलचं करेक्शन, आयडलिंग, ऑटोमॅटिक असेल तर गिअर बदलायची सवय, सगळं पहिल्यापासून सुरू होतं आणि पुढचे काही दिवस गाडी खरंच वेगळी चालते. शिवाय मायनस काढलाच आहे तर लावणारा माणूस टर्मिनल घासून स्वच्छ करतो आणि नट घट्ट आवळतो. निम्मा रोग तिथेच गेलेला असतो. म्हणून मी म्हणते की किट घ्यायच्या आधी नुसतं हेच करून बघा, मायनस काढा, टर्मिनल आणि मूळच्या अर्थचे बोल्ट घासा, आवळा, जोडा, आठवडाभर चालवा.

अर्थ खराब असल्याची काही लक्षणं तर मीटरशिवाय पण कळतात. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, मागचा लाइट लुकलुकतो, म्हणजे मागच्या दिव्याचा अर्थ गेलाय आणि करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतोय. तिथे बोनेटमध्ये किट लावून काहीही होणार नाही, डिकीतला तो एक बोल्ट घासायचाय. म्युझिक सिस्टिममध्ये रेस केल्यावर चढणारी शिट्टी ऐकू येते ती पण बहुतेक वेळा अर्थचीच, तिथे ॲम्प्लिफायरचा बोल्ट रंगावर मारलाय का ते आधी बघा.

तर आता मोजलंत, आकडा वाईट आला, मूळची पट्टी घासून पण सुधारला नाही किंवा पट्टीच्या तारा तुटल्यात, आणि वायर टाकायचीच आहे. किट घ्या नाहीतर मोजून केबल कापून बनवून घ्या, पण वायर शुद्ध तांब्याची हवी. बाहेरून जाडजूड आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम अशा वायरी खूप येतात, त्यांचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो आणि थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवतात त्या भोकाच्या टोपीच्या, आत त्या लवकर सैल पडतात. शंका असेल तर एक तार सुरीने खरवडून बघा, आत पांढरी निघाली की समजा. थिंबल कलई केलेलं घ्या, कारण इंजिनचा बराच भाग ॲल्युमिनियमचा, त्यावर उघडं तांबं आणि वर ओल आली की ॲल्युमिनियम खायला लागतं. आणि थिंबल प्रेसने दाबून घ्या, पकडीने चेपून नाही.

खरी मेहनत बोल्टखाली आहे. बॉडीचा रंग म्हणजे इन्सुलेशन, त्यावर थिंबल ठेवून कितीही आवळलं तरी करंट जातो तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून. थिंबलएवढी गोल जागा पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा म्हणजे गंज धरणार नाही. मी तरी कुठलंही किट बघायचं झालं तर आधी बोल्ट सोडून खाली बघते, आणि खाली रंग तसाच असलेली किटं कितीतरी दिसतात, वायरी दिसायला सुंदर, काम शून्य.

जागा निवडताना सस्पेन्शनच्या स्ट्रटचे नट वापरू नका, त्यांचं आवळणं ठरलेलं असतं, मध्ये थिंबल घालून ते बिघडवायचं नाही. एअरबॅग, एबीएस, इसीयू यांच्या अर्थच्या बोल्टना पण हात नको. सायलेन्सरच्या बाजूच्या गरम पाइपापासून, पट्ट्यापासून, पंख्यापासून वायर लांब, आणि इंजिन हलतं म्हणून इंजिन ते बॉडी वायरीला थोडा ढिला झोल ठेवा, ताणून बांधली तर थिंबलपाशी तुटते. काम सुरू करताना मायनस आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा.

नवीन गाड्यांसाठी एक गोष्ट नीट वाचा. ज्या गाड्यांत स्टार्ट-स्टॉप आहे, म्हणजे गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं, आणि इतर पण बऱ्याच, त्यांच्या मायनस टर्मिनलवर एक छोटी डबी असते, तो बॅटरी सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती आला हे तो मोजतो आणि त्यावर अल्टरनेटरचं चार्जिंग ठरतं. किटची वायर थेट खांबावर बांधली की तेवढा करंट सेन्सरला वळसा घालून जातो, गाडीचा हिशोब चुकतो, मग स्टार्ट-स्टॉप बंद पडतं नाहीतर बॅटरी नीट चार्ज होत नाही. अशा गाडीत वायर सेन्सरच्या पलीकडे, मूळची मायनस केबल बॉडीला जिथे बोल्ट केलीय तिथून घ्यायची. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी केबलींच्या आसपास काहीच करू नका, ते हाय व्होल्टेजचं सर्किट बॉडीपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं.

वायर टाकून झाली की तीच दोन मोजमापं परत करा, त्याच ठिकाणी टोकं लावून, आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहून ठेवा. आकडा उतरला नसेल तर बोल्ट सोडून परत घासा. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा पुन्हा मोजा, कारण घासलेल्या पत्र्यावर गंज धरला असेल तर तो तेव्हा कळतो.