गावरानी कोंबड्याला घाई चालत नाही

आमच्या घरी रविवारचा मेनू मी नाही ठरवत, नागपूरच्या उमरेड रोडकडचे काकाजी ठरवतात. म्हणजे खरं तर त्यांचं वावर ठरवतं. भिवापूरकडे जाताना रोड सोडून थोडं आत त्यांची शेती आहे, कापूस-सोयाबीन आहेच, पण त्यासोबत तूर, थोडी ज्वारी, थोडा जवस, मिरची, आणि घरामागे शेळ्या न कोंबड्या. शनिवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो, "कोंबडे हायेत, बकरा नाई या हप्त्यात." झालं, मग आपण कितीही मटनाचा मूड केला असला तरी कोंबडा. सुरवातीला मला ते जमायचं नाही, आपल्याला सवय असते ना की दुकानात गेलं न जे पाहिजे ते बोट दाखवून घेतलं, पण आता उलट बरं वाटते, डोकं चालवायचं कामच नाही.

ज्यांनी नुकतंच गावरानी घेणं सुरू केलं त्यांच्यासाठी आधी हे लिहून टाकते, कारण मैत्रिणींचे सारखे फोन येतात की "अगं रबरासारखं झालं, एवढे पैसे देऊन". बॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यात दोन किलोची होऊन दुकानात येते. गावरानी कोंबडा सहा-सात महिने उकिरडे उकरत, कुत्र्यापासून पळत, झाडावर चढत मोठा होतो आणि तरी भरतो सव्वा-दीड किलो. एवढ्या पळापळीने त्याच्या पायाचं मांस घट्ट होते, त्यात जो चिवट भाग असतो, कोलॅजन म्हणतात त्याला, तो मंद आचेवर हळूहळू विरघळतो तेव्हा कुठे मांस हाडापासून सुटते न रस्सा बोटाला चिकटतो. बॉयलरच्या रेसिपीने वीस मिनिटात उतरवलं तर रबरच होणार, त्यात कोंबड्याचा काय दोष. आणि मोठ्या आचेवर खळाखळा उकळलं तरी तेच, वरून तंतू आवळतात न आतून कच्चं लागते.

मी गंजातच करते, म्हणजे आपल्या उभ्या पातेल्यात. कुकरची चार-पाच शिट्ट्यांची सोय आहे, ऑफिसच्या दिवशी कोणी केलं तर मी नाव ठेवणार नाही, पण गंजावर ताटली, ताटलीत पाणी, आणि लागेल तसं तेच गरम पाणी आत, याने जो रस्सा होतो तो कुकरमधे होत नाही. सव्वा तास धरून चाला, म्हातारा कोंबडा असला तर दोन.

दुसरी गोष्ट, जी मला काकूंनी सांगितली आणि मग मी त्यामागचं कारण वाचून काढलं. काकू म्हणे, "अवो बाई, कापल्या कापल्या गंजात टाक, नाईतर उद्याले शिजव, मधल्या वेळात नोको शिजवू." आपल्याकडे सगळ्यांना ताजं म्हणजे चांगलं एवढंच माहीत आहे. पण जनावर कापल्यावर काही वेळात त्याचे स्नायू ताठ होतात, कोंबडीत तर तासाभरातच सुरू होते, आणि पुढचे काही तास ते तसंच राहते, मग परत सैल पडते. बकऱ्यात हे सगळं जास्त वेळ चालते, जवळपास दिवसभर. आता बघा, सकाळी तिथे कापला, डब्यात घेऊन आपण नागपुरात पोहोचलो, चहा झाला, आंघोळ झाली, आणि बरोब्बर ताठ असतानाच आपण त्याला चुलीवर चढवतो. म्हणून मी रविवारी आणलेला कोंबडा हळद-मीठ लावून फ्रीजमधे टाकते आणि सोमवारी संध्याकाळी करते. घरात सगळे कुरकुर करतात की रविवारी वरण-भात काऊन. करू दे. मात्र उन्हाळ्यात, आपल्या पंचेचाळीस डिग्रीत, डब्यात बर्फ घेतल्याशिवाय निघूच नका, इथे "मुरू दे" वगैरे काही चालत नाही.

काकू कोंबडा सोलून देत नाहीत. पिसं उपटली की तुराट्यांचा जाळ करून त्यावर उलटा-पालटा भाजतात, बारीक केस जळून जातात, कातडी आवळून पिवळी होते न मग हळद चोळून पाण्याने खसखसा धुतात. तो थोडासा धुरकट वास रश्श्यात उतरतो. कातडीखाली पिवळी चरबी असते, म्हणून मी फोडणीला तेल जेमतेम टाकते, अर्ध्या तासात त्याचीच तर्री वर येते, लालबुंद. माझ्या मुलीला आधी कातडी बघून ईईई व्हायचं, आता ती कातडीसाठी भावाशी भांडते.

आता जे लिहिणार आहे त्यावर नागपुरातले लोक मला शिव्या घालतील. गावरानी कोंबड्याला सावजी मसाला मी टाकत नाही. सावजी मला आवडतं, हलबा कोष्टी समाजाच्या घरातलं ते जेवण आहे, विणकर माणसांचं, आणि महाल-इतवारीकडच्या एखाद्या भोजनालयात नाक-डोळे गळेपर्यंत मी खाल्लंय, पुढेही खाणार. पण बत्तीस मसाल्यांची गोष्ट सांगतात ती जिथे शोभते तिथे शोभते, वजडी असो, खूर असो, तिथे तो मसाला पाहिजेच. ज्या कोंबड्याला स्वतःची चव आहे त्याच्यावर एवढं सगळं ओतायचं म्हणजे गाणाऱ्याच्या कानाशी डीजे लावण्यासारखं आहे. माझं वाटण साधं: गॅसच्या जाळावर काळा होईस्तोवर भाजलेला कांदा, खोबरं, धने, खसखस, थोडं दगडफूल, दोन-चार लवंगा न मिरे, आलं-लसूण. तिखट भिवापुरी मिरचीचंच, तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ते बरोबरच आहे कारण रंग पण देते आणि झणका पण. शेवटी सांबार बारीक चिरून (पुण्याचे वाचत असाल तर कोथिंबीर हो, इडलीसोबतचं नाही). घट्टपणासाठी एक चमचा भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून, तेवढंच.

बकऱ्याचं गणित वेगळं. तिथे किलोने मिळत नाही, वाटा मिळतो. गावातल्या पाच-सहा घरांनी आधी हो म्हटलं की बकरा कापतात आणि जमिनीवर पळसाची पानं मांडून वाटे पाडतात, प्रत्येक वाट्यात सगळं येते, रानाचा म्हणजे मांडीचा तुकडा, सीना म्हणजे छातीचा, हाडं, चरबी, कलेजीचा एक काप, वजडी. "मला फक्त चाप द्या" हे तिथे म्हणून बघा. शहरात आपण चाप न रान घेतो आणि बाकीचं कोण खाते याचा विचारच करत नाही. वाटा आला की स्वयंपाक आपोआप तीन दिवसात वाटला जातो. कलेजी त्याच दिवशी, तिला थांबायची गरज नाही, तव्यावर मीठ-हळद-तिखट न लसूण, पाच-सात मिनिटं, जास्त नाही नाहीतर भुगा होते. मटन दुसऱ्या दिवशी. हाडं न चरबी मी तिसऱ्या दिवशी तुरीच्या डाळीत टाकते, आधी हाडं नरम शिजवून, मग त्याच पाण्यात डाळ, वरून लसणाची फोडणी. ही कुठली पारंपरिक डिश वगैरे नाही, माझ्या सासूबाईंना काही फेकवत नाही त्यातून आलेली आहे, पण भाकरीसोबत मटनापेक्षा जास्त तीच संपते.

डाळीचं म्हणाल तर घरची, बिनपॉलिशची डाळ. पॉलिशवाली चकचकीत दिसते, ही मळकट, पण शिजली की घरभर वास. तास-दोन तास भिजवली तर बरं. यंदा डाळ कमी आली, रानडुकरांनी तुरीत लोळून लोळून पट्टे पाडले होते, जंगल लागूनच आहे, काकाजी थंडीत मचाणावर जागत होते तरी. त्यांच्याकडून डाळीत भाव करणं मी तेव्हापासून सोडलंय.

ज्वारी मी अख्खी आणते आणि थोडी थोडी दळते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, मग भाकर थापताना कडा फाटतात आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देतो. गरम पाण्यात उकड घेऊन वेळ मारून नेता येते, पण ताज्या पिठाची ती ताज्या पिठाची. तसंच जवसाचं. त्याचं तेल लवकर खवट होते म्हणून चटणी एकदम डबाभर नाही करायची. जवस मंद भाजायचा, तडतडला की उतरवायचा, सुकी मिरची, लसूण, मीठ, जिरं, आणि खलबत्त्यात कुटायचा. मिक्सरमधे केली तर गोळा होते.

श्रावणात आमच्याकडे नॉनव्हेज बंद, सासूबाईंचं कडक असते, तेव्हा महिनाभर हेच चालते, डाळ, भाकर, जवसाची चटणी, एखाद्या दिवशी गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात, त्याला तांदूळ भंडाऱ्याच्या आत्याकडचा चिन्नोर. पोळ्याला पुरणपोळी झाली की दुसऱ्या दिवशी कर, आणि करीला अख्खं नागपूर मटनाच्या लाइनमधे उभं असते, धुळवडीसारखंच. काकाजींचे त्या दिवशीचे वाटे फार आधीच बुक होतात म्हणून मी यंदा राखीच्याही आधी फोन करून ठेवला. काकू म्हणाल्या, एक वाटा तुझा पक्का, पण कलेजी जास्त मागू नोको.