पखवाजावर चित्रं: प्युअर डेटाचं काम कुठवर आलंय

मंडळी, खानापूरकडच्या आमच्या गावात एकादशीच्या भजनाला देवळाच्या भिंतीवर पखवाजाच्या बोलाबरोबर उमटणारी चित्रं दाखवायची असं ठरवलंय, ते काम आता चांगलं रंगात आलंय म्हणून लिहायलोय.

आवाजाचं काम प्युअर डेटात (ठोकळे तारांनी जोडून आवाजाचे प्रोग्राम, म्हणजे पॅच, बनवायचं सॉफ्टवेअर), चित्र प्रोसेसिंग या चित्रं काढायच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये, दोघांच्या मध्ये ओएससीचे मेसेज (असल्या प्रोग्रामांनी एकमेकांना निरोप द्यायची पद्धत), आणि सगळं एकाच जुन्या लॅपटॉपवर. टचडिझायनर हे चित्रांचं दुसरं सॉफ्टवेअर पण बघितलं, लई भारी आहे, पण त्याला ग्राफिक्स कार्ड चांगलं लागतंय आणि फुकटच्या लायसन्सात चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलच्या वर जात नाही. प्युअर डेटा मिलर पकेटनं १९९० च्या दशकात लिहिलं, त्याच्या आधीचं मॅक्स हे तसलंच सॉफ्टवेअर पण मूळ त्याचंच, आणि माझ्या मते तालवाद्यासाठी आजही त्याला तोड नाही.

कारण बॉन्क. ठोके ओळखणारं हे ऑब्जेक्ट (तयार ठोकळा) प्युअर डेटासोबतच येतं, वेगळं काही टाकायला लागत नाही. नुसता आवाज मोठा की बारीक एवढंच मोजलं तर गजर चढला की टाळांचा कल्ला वरच राहतो आणि चित्र भिंतीवर तसंच फुललेलं राहतं, मात्रा दिसतच नाही. बॉन्क ठोका पकडतं, आवाज अचानक खर्जापासून वरपर्यंतच्या कुठल्या पट्ट्यात वाढला ते बघून, आणि शिकवलं तर कुठला बोल तेही सांगतं. डाव्या, कणीक लावलेल्या बाजूचा 'घे', उजव्या शाईच्या बाजूचा 'ता', आणि दोन्ही हात एकदम पडले की 'धा', असे तीन शिकवलेत, प्रत्येक दहा-दहा वेळा वाजवून घेतला. आमचे पखवाजवाले आण्णा बोल एवढा स्वच्छ काढतात की ऐकत बसावं. मात्र कणीक वाळत आली की सूर चढतो आणि 'घे' ओळखणं ढिलं पडतं, म्हणून कणीक ताजी लावली की परत शिकवायचं, हे आता ठरूनच गेलंय.

माईक काढून टाकला. पिझो डिस्क (हवेतला आवाज नाही, लाकडाची थरथर पकडणारी छोटी चकती) पखवाजाच्या खोडाच्या लाकडाला टेपनं चिकटवली, चामड्याला नाही, टाळ जवळजवळ गायबच झाले. पिझोची वायर साध्या लाईन इनपुटात घालू नका, खर्ज मरतो आणि 'घे' सगळा खर्जातच असतोय, गिटारच्या इनपुटात घाला नाहीतर मध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) लावा.

भिंतीवर 'घे'ला खालून गुलालाच्या रंगाचं मोठं वलय पसरतं, 'ता'ला वर हळदीचा ठिपका, आणि ठोक्याच्या जोरावर त्याचा आकार. उशिराची काळजी होती पण हिशेब बघा, बॉन्क एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा तपासतं ती खिडकी २५६ सॅम्पलची म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, चित्राची एक फ्रेम १७ च्या आसपास, आणि आवाजालाच १० मीटरवर मागं बसलेल्यांपर्यंत पोचायला २९ लागतात, मग ऑडिओ बफर नि प्रोजेक्टर त्यांचे थोडे खाणार ते धरूनही मागच्या रांगेला ठोका आणि वलय एकदमच आल्यासारखं वाटतं. प्रोजेक्टरचा गेम मोड (चित्र उशीर न करता दाखवायची सेटिंग) मात्र चालू करा, नाहीतर खरा उशीर तिथंच असतोय.

पुढचं काम दुगुणीचं. लय दुप्पट झाली की वलयं एकमेकांवर चढतात, मग दोन ठोक्यांमधलं अंतर मोजून वलयाचं आयुष्य त्याप्रमाणं कमी करायचं पॅच लिहायलोय. कुणी ढोल-ताशावर किंवा झांजपथकावर असलं काही केलं असेल तर पॅच टाका की, ताशाची तड पकडायला बॉन्कचा थ्रेशोल्ड (केवढ्या जोराला ठोका धरायचा ती मर्यादा) किती ठेवता ते पण सांगा.