सोळा सोंगट्या आणि लाकडाचे जबडे : माझा अनुभव

नातीला सारीपाट शिकवावा म्हणून घरातला जुना पट काढला, तेव्हा सोळापैकी पाच सोंगट्या हरवलेल्या निघाल्या. पाचच कातल्या असत्या तर जुन्या-नव्यांचा मेळ बसला नसता, म्हणून सोळाही नव्याने करायचे ठरवले. माझी सारी नोकरी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका टूलरूममध्ये, लोखंडाच्या लेथवर, म्हणजे काम फिरवत ठेवून कातायच्या यंत्रावर झाली. लाकडाचा लहान लेथ निवृत्तीनंतर दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या खोलीत आला, आणि त्यावर मी अजून उमेदवारच आहे.

सोंगटीचे बूड 16 मिलिमीटर व्यासाचे आणि उंची 28 मिलिमीटर धरली होती. माझ्या लेथच्या चकचे, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या पकडीचे, लोखंडी जबडे मात्र पूर्ण मिटले तरी मध्ये 38 मिलिमीटरची मोकळी जागा राहते, त्यामुळे एवढी बारीक कांडी त्यांत धरताच येत नाही. शिवाय लाखेचा रंग चढवल्यावर सोंगटी उलटी धरायची असेल, तर लोखंडाचे वळ त्यावर उठणार. संखेड्याला एका खराद्याकडे (लाकूड कातणाऱ्या कारागिराकडे) पाहिले होते, की तो लाकडी ठोकळ्याच्या भोकात कांडी हातोडीने ठोकून बसवतो आणि काम झाले की तोडून घेतो. त्याच्या हाताला ते शोभते. मला तीच सोंगटी काढून पुन्हा केंद्रात धरायची होती, म्हणून लाकडाचे जबडे करणे भाग होते.

पहिला प्रयत्न फसला, आणि तोही अशा चुकीने, जी एखाद्या शिकाऊ पोराने केली असती तर मी त्याला दुपारभर ऐकवले असते. प्लायवूडच्या चकतीला आधी ड्रिल मशीनवर 16 मिलिमीटरचे भोक पाडले, मग करवतीने तिचे चार तुकडे केले आणि ते चकवर बसवले. स्क्रूंच्या भोकांत थोडी ढिलाई असतेच. प्रत्येक तुकडा केसभर इकडे-तिकडे बसला आणि कांडी डोळ्यांना दिसेल इतकी डुलू लागली.

लोखंडाच्या कामात सॉफ्ट जॉ, म्हणजे कातता येणारे मऊ जबडे, नेहमी चकवर बसवूनच आतून कातले जातात, हे तेव्हा आठवले. दुसऱ्या खेपेस वखारीतून 25 मिलिमीटर जाड सागवानाचा तुकडा आणला, 90 मिलिमीटरची चकती काढली आणि भोक न पाडताच तिचे चार भाग केले. प्रत्येक भाग चकच्या सरकत्या पट्टीवर दोन ॲलन स्क्रूंनी कसला. स्क्रूंची डोकी लाकडात खोल बुडतील अशी बसवली आणि पट्टीचा क्रमांक लाकडावरही कोरला, कारण काढलेला जबडा दुसऱ्या पट्टीवर गेला तर सारी मेहनत वाया जाते. मग चार फटींच्या बाहेरच्या टोकांत प्लायवूडच्या 3 मिलिमीटरच्या पट्ट्या घालून चक चावीने घट्ट आवळला. हे आवळणे महत्त्वाचे आहे. चकच्या स्क्रोलमध्ये, म्हणजे जबडे सरकवणाऱ्या आतल्या चकतीत, थोडा प्ले (ढिलाई) असतो, आणि जबडे मोकळे ठेवून भोक पाडले तर कांडी धरताना ते वेगळ्याच जागी सरकतात. पट्ट्यांवर आवळल्याने प्ले धरण्याच्याच दिशेने निघून जातो.

टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या चकसमोरच्या टोकाला, 15 मिलिमीटरचे ड्रिल लावून मिनिटाला सुमारे 500 फेऱ्यांवर भोक पाडले. त्यानंतर तोंडाकडचे 12 मिलिमीटर तेवढे अरुंद पटाशीने खरवडून 16 वर आणले. आत अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली, आणि तिच्यावर कांडी टेकत असल्याने सोळाही सोंगट्या एकाच खोलीवर बसू लागल्या. कांडीचे एक टोक धरून बुडाला लाखेची कांडी टेकवायची, केवड्याच्या पानाने चकाकी आणायची, मग उलटून तेच रंगीत बूड जबड्यात धरून डोके कातायचे, असा क्रम लागला. लाखेवर ओरखडाही उमटला नाही.

एकदा मात्र पॉलिशच्या फडक्यासकट हात जवळ गेला आणि फिरत्या जबड्याच्या कोपऱ्याने बोटांचे सांधे सोलून काढले. चक थोडा उघडला की चार कोपरे बाहेर येतात, आणि फिरताना ते धूसर होऊन दिसेनासे होतात. त्याच संध्याकाळी मी कडा गोल केल्या आणि त्यांवर पांढरा रंग दिला. आता फिरताना स्पष्ट पांढरे वलय दिसते.

बारा सोंगट्या झाल्या आणि पावसाळा लागला. ऑगस्टमध्ये पुन्हा कामाला बसलो, तर कांडी दोन बाजूंनी पक्की आणि दोन बाजूंनी सैल! चारही तुकडे एकाच फळीतले, रेषे एकाच दिशेने जाणारे, आणि लाकूड रेषांच्या आडवे अधिक फुगते, त्यामुळे भोक लंबगोल झाले होते. प्रत्येक तुकड्याचे रेषे केंद्राकडून कडेकडे जातील असे वेगवेगळे कापले असते, तर चारही सारखेच फुगले असते. पट्ट्या घालून पुन्हा आवळले, भोक हलकेच कातून गोल केले आणि उघड्या रेषांवर चपड्या लाखेचे दोन हात दिले. कातलेले लाकूड परत येत नाही, त्यामुळे व्यास आता 16.5 झाला. शेवटच्या चार हिरव्या सोंगट्या म्हणून बुडाशी अर्धा मिलिमीटर जाड आहेत. नातीने त्याच निवडल्या, पण कारण विचारले तर हिरवा रंग आवडतो एवढेच सांगते.