एक्सटीने डिस्क वाचली! अलाइनमेंटचा दोष नव्हताच

काल रात्री पावणेबाराला माझ्या जुन्या एक्सटी पीसीच्या हिरव्या पडद्यावर, त्याच्या नंतरच्या पिढीतल्या ४८६ पीसीवरून फ्लॉपी डिस्कने आणलेल्या फाइलींची अख्खी यादी सरसर उतरली आणि मी खुर्चीतून उठून ओरडलेच. ४८६ वर केलेल्या डिस्क एक्सटी वाचत नाही याचं मागच्या नोंदीत हेड अलाइनमेंटवर (ड्राइव्हचं वाचणारं हेड जागेवरून सरकलं असण्यावर) जे खापर फोडलं होतं, ते मागे घेते. हेड सरकवायच्या स्क्रूला हात लावला नाही हे नशीब.

४८६ मधल्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये /एफ:३६० देऊन (म्हणजे ३६० केची) फॉरमॅट केलेली डिस्क ४८६ वर मस्त चालायची, एक्सटीच्या ३६० केच्या ड्राइव्हमध्ये मात्र नुसती खरखर आणि एरर. एक्सटीची स्वतःची डॉस ३.३ ची जुनी डिस्क तर पहिल्या फटक्यात बूट व्हायची. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या आयसोप्रोपिलने हेड दोनदा पुसले (ती कोरड्या कापडाची क्लीनर डिस्क कुणीही घेऊ नका, हेड घासून निघतं), तरी फरक शून्य.

शनिवारी एक डिस्क निमूट वाचली गेली. ती होती सीलबंद पाकिटातली, कधीच फॉरमॅट न झालेली. बाकी सगळ्या कुणीतरी पूर्वी ३६० केच्या ड्राइव्हवर वापरलेल्या. तिथे ट्यूब पेटली. ३६० केच्या ड्राइव्हचा ट्रॅक (डिस्कवर मजकूर लिहिला जातो ती गोल पट्टी) साधारण ०.३३ मिमी रुंद, १.२ एमबीच्या ड्राइव्हचा त्याच्या निम्मा. नवा बारीक ट्रॅक जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध पडतो आणि दोन्ही कडांना जुना मजकूर तसाच राहतो. ४८६ चं अरुंद हेड फक्त मधलं वाचतं. एक्सटीचं रुंद हेड नवं-जुनं एकदम ऐकतं, मग गोंधळणारच. फॉरमॅट दहादा मारलं तरी त्या कडा पुसल्या जात नाहीत.

म्हणजे डिस्क आधी कोरी करायला हवी. स्पीकरच्या चुंबकाने काही ट्रॅक राहूनच गेले. शेवटी नौपाड्यात टेप दुरुस्त करणाऱ्या काकांकडे कॅसेट पुसायचा इरेझर मिळाला. काकांनी बजावलं, "आधी हळूहळू हातभर लांब न्यायचा, बटण मगच सोडायचं. जवळ धरून सोडलंस तर तिथेच डाग राहील." इरेझर गुणगुणतो, डिस्कवर गोल फिरवताना जाकिटाची थरथर बोटांना कळते. दोन्ही बाजू पुसल्या, ४८६ वर फॉरमॅट केलं, फाइली टाकल्या. अकरापैकी नऊ डिस्क एक्सटीने वाचल्या. उरलेल्या दोघींवर ठाण्याच्या पावसाळ्याची बुरशी आहे. त्या ड्राइव्हमध्ये घालणारच नाही.

जाता जाता, एका ऑनलाइन विक्रेत्याने डीडी (डबल डेन्सिटी, ३६० केच्या) म्हणून पाठवलेल्या दहाही डिस्क एचडी (हाय डेन्सिटी, १.२ एमबीच्या) निघाल्या. मधल्या भोकाभोवती हब रिंग (बळकटीची कडी) नाही, आणि एक्सटीत फॉरमॅटला लावली की थेट ट्रॅक शून्य खराब. एचडीच्या चुंबकीय थरावर लिहायला ६०० ओर्स्टेडच्या (चुंबकीय क्षेत्राचं माप) आसपास ताकद लागते, डीडीला ३००. खोक्यावरच्या लेबलावर जाऊ नका, रिंग बघून घ्या.

पुढे गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं, पेन ड्राइव्हवर चालणारं यंत्र) घ्यायचा बेत होता. पण हे लिहितानाच सुचलं: एक्सटीतला बी (दुसरा) ड्राइव्हच ४८६ ला लावला तर? ४८६ च्या बायोसमध्ये ३६० केचा पर्याय आहे, आणि बी असल्यामुळे त्या ड्राइव्हवर टर्मिनेटरही (केबलच्या टोकाच्या ड्राइव्हवर लागणारा रेझिस्टर) नाही. केबलचा पिळाच्या अलीकडचा, म्हणजे बी ड्राइव्हचा, कनेक्टर मोकळाच आहे. मग लिहायलाही रुंद हेडच मिळेल, इरेझरची गरजच नाही. गोटेक राहू दे. रविवारी पेचकस घेऊन बसते.