तुम्ही विचारलंत म्हणून: गोरखपूरहून लुंबिनी एका दिवसात होते का?

"ताई, मुक्काम गोरखपूरला आहे. लुंबिनी सकाळी जाऊन संध्याकाळी परत, होते ना?" नागपुरातल्या विहारांतून हा फोन येतोच, आता अकोल्या-अमरावतीकडूनही येतो. 'होते ना' म्हणताना विचारणाऱ्याचं मनात ठरलेलं असतं, बसवाल्याला कळवण्यापुरता माझा होकार हवा असतो. मी उलट विचारते, किती जण आहात? 'दहा-बारा' असं उत्तर आलं तर पुढे बोलते. 'दोन बाय दोनची बस आहे ताई, फुल्ल' असं आलं तर सरळ सांगते की एका दिवसाचा नाद सोडा.

सांगण्यामागे हिशेब आहे. गोरखपूर ते नेपाळच्या सीमेवरची सोनौली साधारण शंभर किलोमीटर. सोनौली ओलांडली की चार किलोमीटरवर नेपाळातलं भैरहवा, तिथून लुंबिनी बावीसेक किलोमीटर. एकूण सव्वाशे. आपल्याकडे नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर आहे आणि तिथे लोक लग्नाला जाऊन त्याच दिवशी परत येतात, त्यामुळे सव्वाशे ऐकलं की सगळे निवांत होतात. पण मध्ये सीमा आहे, आणि तिथे गटातल्या प्रत्येकाचं स्वतंत्र काहीतरी निघतं. कुणाचं ओळखपत्र सुटकेसच्या तळाशी असतं, कुणाला नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं असतं, तर कुणी नोटा बदलायला गेलेलं असतं आणि त्यांना शोधायला आणखी दोघे. बारा जणांत हे अर्ध्या तासात निस्तरतं. चाळीस जणांत दोन तास कुठे गेले ते कळत नाही.

भारत-नेपाळ सीमा खुली आहे, 1950 च्या करारापासून आपल्याला व्हिसा लागत नाही, हे खरं. सोनौलीच्या कमानीखालून पायी जाणाऱ्याला पुष्कळदा कुणी हटकतही नाही. पण 'कुणी विचारत नाही' या भरवशावर गट न्यायचा नसतो. नियमाने पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. नुसतं आधार पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्टच्या वरच्यांना चालतं, मधल्यांना नाही. आमच्या धम्मसहलीत पासष्टच्या वरच्याच जास्त असल्याने त्यांची चिंता नसते. अडतात ते सोबत आलेले मुलगे आणि सुना, कारण त्यांच्या मोबाईलमध्ये आधारचा फोटो असतो आणि मतदार कार्ड नागपुरात कपाटात.

अलीकडे आणखी एक प्रकार वाढलाय. कुणाचा तरी मुलगा अमेरिकेहून सुट्टीवर आलेला असतो, आईला लुंबिनी दाखवायला हौसेने निघतो. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते कार्ड, आहे म्हणून तो निर्धास्त, पण नेपाळला त्या कार्डाशी काही देणंघेणं नाही. त्याच्या हातात परदेशी पासपोर्ट आहे, म्हणजे नेपाळचा व्हिसा आला. पंधरा दिवसांचे तीस डॉलर भरून तो सीमेवर मिळतो. शिवाय आधी भारताच्या इमिग्रेशनचा शिक्का, मग नेपाळचा, आणि परतताना पुन्हा दोन्ही. मुलगा गुणी असतो, रांगेत उभा राहतो, आणि बस त्याच्यासाठी थांबते. अशा घराला मी सांगते की तुम्ही वेगळी गाडी करा.

आता बस. आपलीच बस पलीकडे नेणं हा एक मार्ग. त्यासाठी नेपाळच्या हद्दीत भन्सार, म्हणजे कस्टमची पावती, फाडावी लागते, ती दिवसांच्या हिशेबाने असते. वर वाहतुकीचा परवाना वेगळा. चालक सराईत असेल तर ठीक, पहिल्यांदाच येत असेल तर तो या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो आणि आपण बसमध्ये घाम पुसत बसतो. सोनौलीला मालाच्या ट्रकांची रांग केव्हा किलोमीटरभर लागेल याचा नेम नसतो, ते आणखी वेगळं. त्यात विदर्भातल्या सहली आचारी, तांदळाची पोती, तेलाचे डबे, गॅसच्या टाक्या घेऊन निघतात. एवढा शिधा पाहिल्यावर कस्टमवाला चार प्रश्न जास्त विचारणारच, त्याचं काय चुकलं? एका दिवसाचंच करायचं असेल तर आचाऱ्याला आणि सामानाला गोरखपुरात ठेवा, दशम्या-चटणीची शिदोरी बांधा, बस सोनौलीत उभी करा, पायी सीमा ओलांडा आणि पलीकडे नेपाळी गाडी करा. मला हेच बरं वाटतं. गाडीचं भाडं जास्त पडतं म्हणून गटातले हिशेबी काका कुरकुर करतात, पण वाचतात ते दोन तास.

आणि वेळच तर हवा असतो. पहाटे चारला निघायचं ठरलं की चाळीस जणांची बस साडेपाचला हलते. साडेआठला सोनौली. दोन तास सीमेवर. लुंबिनीच्या फाटकाशी साडेअकरा. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, म्हणजे तिथले पावणेबारा. (हे गटाला आधीच सांगा. 'अडीचला बसपाशी' म्हटल्यावर निम्मे लोक नेपाळी अडीच धरतात, निम्मे आपले, आणि मग दोन्ही बाजू आपलंच बरोबर म्हणून भांडतात.) अंधाराच्या आत सीमा ओलांडायची तर तीनच्या सुमारास निघायलाच हवं. हातात राहिले तीन तास, त्यात जेवण. पहाटेपासून जागा असलेला चालक रात्री साडेसात-आठला गोरखपुरात पोचतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच श्रावस्तीला न्यायचं असतं. त्याचा विचार कुणी करत नाही, मी करते. मी त्याच्या मागच्याच सीटवर बसते.

तीन तासांत लुंबिनी 'होते' का? फोटो होतात.

मायादेवी मंदिर होतं. बूट-चपला बाहेर काढून रांगेने आत जायचं, विटांच्या जुन्या अवशेषांभोवती बांधलेल्या लाकडी वाटेवरून पुढे सरकायचं, जन्मस्थानाची खूण असलेली शिळा काचेखाली पाहायची आणि बाहेर पडायचं. आत फोटो काढू देत नाहीत, ते फार चांगलं आहे. बाहेर पुष्करणी, तिच्या काठचा पिंपळ, आणि मंदिराच्या पश्चिमेला अशोकाचा स्तंभ. घाईतला गट स्तंभाला पाठ करून उभा राहतो, ओळीने फोटो काढतो आणि निघतो.

माझा जीव तिथेच अडकतो. हा स्तंभ 1896 साली जगाच्या पुन्हा लक्षात आला, आणि त्यावरच्या साडेचार ओळींमुळे बुद्धाचा जन्म नेमका कुठे झाला हा प्रश्न मिटला. ब्राह्मी लिपीत कोरलंय, 'हिद बुधे जाते सक्यमुनी ति', इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, स्तंभ उभारला. आणि पुढची गोष्ट मला जास्त आवडते. त्याने लुंबिनी गावाचा बली, म्हणजे कर, माफ केला आणि पिकातला राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला. राजा तीर्थाला आला आणि गावाची करमाफी करून गेला. आमच्या गटात शेतकरी घरातल्या बाया असतात, त्यांना सारा, वसुली हे शब्द पाठ आहेत. त्यांना या ओळी सावकाश वाचून दाखवल्या की त्या स्तंभाकडे वेगळ्या नजरेने बघतात. एकीने मला विचारलं होतं, "मग पुढच्या राजाने तो कर पुन्हा वाढवला असंल का हो?" मला उत्तर आलं नाही, पण प्रश्न असा होता की अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. असा अर्धा तास एका दिवसाच्या सहलीत बसवता येत नाही. त्रिसरण-पंचशील आणि बुद्धवंदना सावकाश म्हणायची तर आणखी अर्धा तास. भंतेजी सोबत असतील आणि देसना, म्हणजे प्रवचन, देणार असतील तर विचारूच नका.

उत्तरेकडचा भाग तर राहतोच. जपानी वास्तुविशारद केंझो तांगे यांनी 1978 मध्ये पूर्ण केलेल्या आराखड्यावर आजची लुंबिनी उभी आहे. मधोमध लांब कालवा, त्याच्या पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान आणि वज्रयानाचे, आणि पार उत्तर टोकाला पांढरा शांतिस्तूप. गाडी आतपर्यंत जात नाही. पायी चालायचं, नाहीतर ई-रिक्षा. गुडघ्यांची बिघडलेली मंडळी असतील तर रिक्षाचे पैसे आधीच गोळा करून ठेवा, तिथे वाटाघाटीला बसू नका.

पैशांवरून आठवलं. शंभराच्या नोटा न्या. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर कित्येक वर्षांपासून तोच आहे. दुकानात भाव ऐकला की आधी विचारायचं, 'आयसी की एनसी?' म्हणजे भारतीय की नेपाळी. एवढं विचारलं तरी निम्मी भांडणं वाचतात. आपलं सिम पलीकडे रोमिंगशिवाय मुकं होतं, तेव्हा हरवलेल्या माणसाला फोन करू, ही कल्पना सोडून द्या आणि भेटायची जागा ठरवा.

"मग जाऊच नये का?" असा पुढचा प्रश्न येतो, जरा रागानेच. जावं. 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत बोलले. त्यामुळे नेपाळ म्हटलं की आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना परदेश वाटत नाही. कुशीनगर, सारनाथ, बोधगया करून लुंबिनी सोडायची हे त्यांना पटणारही नाही, आणि मी कोण सोडा म्हणणारी? माझं म्हणणं इतकंच आहे की रात्र तिकडे काढा.

रात्र म्हटलं की खर्च वाढेल असं सगळ्यांना वाटतं. कागद घेऊन बसा. बहुतेकांचा पुढचा मुक्काम श्रावस्ती असतो, ती लुंबिनीच्या पश्चिमेला. संध्याकाळी गोरखपूरला परत येणं म्हणजे उलट्या दिशेला सव्वाशे किलोमीटर जायचं आणि सकाळी पुन्हा पश्चिमेकडे निघायचं. डिझेल जळतं आणि गोरखपूरच्या लॉजचं भाडंही पडतंच. त्याऐवजी दुपारी निवांत पोचा, संध्याकाळी विहार पाहा, पहाटे मायादेवी मंदिर उघडल्या उघडल्या जा, गर्दी नसते, आणि न्याहारी करून पुढे निघा. तिथल्या कोरियन विहारात यात्रेकरूंच्या राहण्या-जेवणाची सोय असते, बाहेर हॉटेलं आहेत. या बेतात आपली बस आत न्यावी लागते हे मान्य, म्हणून कागदपत्रं आदल्या दिवशी चालकासमोर बसून तपासा. भन्सार दोन दिवसांचं घ्या, एका दिवसाचं नको.

एका दिवसाचं मी फक्त काही जणांना सुचवते. छोटा गट, दोन गाड्या, सगळ्यांची कार्डं आदल्या रात्री एका पाकिटात गोळा झालेली, आणि परतीची गाडी गोरखपूरहूनच असल्याने दुसरा इलाज नाही. राप्तीसागर एक्सप्रेसचं आरक्षण हातात असलेले लोक असेच असतात. त्यांनी तरी गोरखपूरऐवजी आदली रात्र नौतनव्याला काढावी, तिथून सोनौली सात-आठ किलोमीटर आहे. राहण्याची सोय साधी आहे, पण सकाळी सातला तुम्ही पलीकडे असता.

ज्यांचे पाय खरोखर चालत नाहीत त्यांना ओढून नेऊ नये. 'आलोच आहोत तर' म्हणणारे गटात नेहमी मोठ्या आवाजाचे असतात आणि 'मी इथंच थांबते' म्हणणारीचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. मी ते नाव आधी विचारून लिहून घेते. कुशीनगरला मुक्काम असेल तर अशांना महापरिनिर्वाण मंदिरात सकाळ आणि रामाभार स्तूपाला संध्याकाळ, एवढा दिवस पुष्कळ होतो. सोबतीला एक धडधाकट माणूस मात्र हवा.

तारखांचंही बघा. डिसेंबर-जानेवारीत तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या या सपाट पट्ट्यात, धुकं असं पडतं की बस पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून सरकते, तेव्हा वरचा सगळा हिशेब दीडपट करा. निवडणूक भारतात असो वा नेपाळात, मतदानाआधी दोन-तीन दिवस सीमा बंद करतात. सप्टेंबर 2025 मध्ये नेपाळात आंदोलन पेटलं तेव्हा संचारबंदी होती, तसं काही असलं तर पैसे बुडाले तरी चालतील, जाऊ नका. सीमा बंद निघालीच तर सिद्धार्थनगर जिल्ह्यात पिपरहवा आहे, आपल्याच हद्दीत. तिथल्या स्तूपात 1898 साली बुद्धांचा मानला जाणारा अस्थिकलश सापडला, आणि त्यातली रत्नं 2025 मध्ये लिलावापर्यंत जाऊन भारतात परत आली. तिथे गर्दी नाही, दुकानं नाहीत, विटांचा स्तूप आणि भोवती शेतं.

परवा ज्यांनी फोन केला त्यांची बस बेचाळीस जणांची आहे, तारीख 26 डिसेंबर, मुक्काम गोरखपूर, आणि यादीत सत्तरच्या वरच्या अकरा जणी. त्यांना सांगितलंय की लुंबिनीची एक रात्र धरा आणि त्यासाठी वाराणसीची दुसरी रात्र कापा. अध्यक्ष अजून ऐकत नाहीत, वाराणसीत साड्यांची खरेदी आहे म्हणे.