फ्रँक गोर: तीन-चार यार्डांची सोळा वर्षे

अमेरिकन फुटबॉल मी नव्याने पाहू लागलो, तेव्हा एक गोष्ट मला बराच काळ उमगत नव्हती. रनिंग बॅकच्या हाती चेंडू दिला जाई, समोर धिप्पाड खेळाडूंचा ढीग होई, पंच एकेकाला बाजूला करत आणि चेंडू आधीच्या जागेपासून जेमतेम तीन-चार यार्ड पुढे सरकलेला दिसे. तरीही समालोचक समाधानाने ‘चांगली धाव’ म्हणून पुढच्या खेळीकडे वळत. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट. एवढ्यासाठी एवढी आदळआपट कशाला, हा माझा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही नियमपुस्तिकेपेक्षा फ्रँक गोर या रनिंग बॅकच्या खेळाने अधिक नीट दिले.

चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळवायचे, हा या खेळाचा पाया. पहिल्याच प्रयत्नात चार यार्ड मिळाले, तर उरलेले सहा यार्ड धावून मिळवायचे की पास फेकून, हे दोन्ही पर्याय संघापुढे खुले राहतात आणि बचाव करणाऱ्यांना नेमका अंदाज बांधता येत नाही. पहिल्या प्रयत्नात काहीच हाती लागले नाही, तर आता पास येणार हे सगळ्या मैदानाला कळून चुकते आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पळापळ सुरू होते. म्हणजे ते चार यार्ड पुढच्या दोन खेळ्यांसाठी मोकळीक विकत घेत असतात, आणि त्याची किंमत रनिंग बॅक आपल्या अंगाने चुकवत असतो.

गोरने ही किंमत २००५ ते २०२० असे सोळा हंगाम चुकवली. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधील २४१ सामन्यांत त्याने ३,७३५ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि १६,००० यार्ड मिळवले. त्याच्यापुढे फक्त दोन नावे आहेत: १८,३५५ यार्डांचा एमिट स्मिथ आणि १६,७२६ यार्डांचा वॉल्टर पेटन. सोळा हजार यार्ड म्हणजे सुमारे साडेचौदा किलोमीटर. सरळ रस्त्याने चालत गेलो, तर तीन तासांत पार होईल एवढे अंतर. गोरला त्यासाठी सोळा वर्षे लागली, कारण सरासरी सव्वाचार यार्डांवर त्याला कोणी ना कोणी जमिनीवर पाडत होते. आणि इतके यार्ड मिळवूनही एकाही हंगामात तो लीगमध्ये पहिला आला नाही. त्याच्याविषयी लिहावेसे वाटण्याचे मुख्य कारण माझ्यासाठी हेच आहे.

खरे तर त्याची सुरुवात सव्वाचार यार्डांची नव्हती. मायामीच्या कोकोनट ग्रोव्ह भागात, एका लहानशा घरात आई आणि बऱ्याच नातलगांसोबत तो वाढला. त्याला डिस्लेक्सिया होता. शाळेत वाचन जड जाई, पण फुटबॉलमधली कोणतीही रचना एकदा डोळ्यांनी पाहिली की ती त्याच्या डोक्यात पक्की बसत असे. मायामी विद्यापीठाच्या २००१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात तो पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून खेळला. त्या संघात क्लिंटन पोर्टिस आणि विलिस मगाही हे दोघेही रनिंग बॅक होते, म्हणजे गोरच्या वाट्याला उरलेसुरलेच येणार होते. तरी त्याने ६२ धावांत ५६२ यार्ड मिळवले, म्हणजे दर धावेला नऊ यार्डांहून जास्त. हे आकडे एखाद्या चपळ, समोरच्याला हूल देऊन निसटणाऱ्या धावपटूचे आहेत.

मग २००२ च्या वसंतात सराव करताना उजव्या गुडघ्याचे एसीएल तुटले. पुढचा सगळा हंगाम बाहेर बसून गेला. २००३ मध्ये तो परतला आणि हंगाम अर्ध्यावरही आला नव्हता, तोच डाव्या गुडघ्याचे एसीएल तुटले. मांडीचे हाड आणि नडगी यांना सांध्याच्या आत बांधून ठेवणारा हा दोर असतो. धावता धावता एका पायावर भार देऊन दिशा बदलायची, तर सगळा ताण त्यावरच येतो, आणि रनिंग बॅकचा उभा धंदा तर दिशा बदलण्याचाच. ज्याच्या दोन्ही गुडघ्यांचा हा दोर शस्त्रक्रियेने नव्याने बसवला आहे, त्याच्यावर कोणता संघ भरवसा ठेवील? २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, पहिल्या पाच निवडींपैकी तीन रनिंग बॅकच्या होत्या. गोरचे नाव पुकारले गेले ते तिसऱ्या फेरीत, पासष्टाव्या क्रमांकावर. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने त्याला घेतले. पहिल्या हंगामात त्याने ६०८ यार्ड मिळवले आणि हंगाम संपताच त्याच्या दोन्ही खांद्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. वय वर्षे बावीस, आणि दोन गुडघे व दोन खांदे मिळून चारही सांधे दुरुस्त करून झालेले.

त्याच्या पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, त्याने १,६९५ यार्ड मिळवले. फोर्टीनायनर्सच्या इतिहासात एका हंगामात कोणी इतके यार्ड मिळवले नव्हते. त्या वर्षी लीगमध्ये पहिला आला तो सॅन डिएगोचा लाडेनियन टॉमलिन्सन, १,८१५ यार्डांसह. गोर आपल्या सर्वोत्तम वर्षीही दुसऱ्या कोणाच्या तरी सावलीत राहिला.

या काळातल्या त्याच्या धावा मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत आणि त्यात पाहण्यासारखे काय आहे, ते थोडे थांबून सांगायला हवे. समजा, डावीकडचा गार्ड, म्हणजे वाट मोकळी करून देणारा सहकारी, आपली जागा सोडून उजवीकडे धावत जातो आणि गोर चेंडू घेऊन त्याच्या मागोमाग निघतो. उतावीळ खेळाडू इथे गार्डच्याही पुढे पळतो आणि फट उघडण्याआधीच भिंतीवर आदळतो. गोर आखूड पावले टाकतो, जवळजवळ घुटमळल्यासारखा. समोरच्या लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला, वाटते की, हा बाहेरच्या बाजूने जाणार. तो लाइनबॅकर एक पाऊल तिकडे टाकतो, गार्ड नेमका त्याच क्षणी त्याला खांद्याने ढकलतो, आणि गोर आतल्या बाजूच्या वीतभर फटीत गुडघे वाकवून, डोके खाली घालून शिरतो. उंची अवघी पाच फूट नऊ इंच असल्यामुळे पलीकडच्यांना तो दिसेपर्यंत दोन यार्ड झालेले असतात. धडक बसते, तरीही त्याचे पाय थांबत नाहीत आणि पडता पडता आणखी दीड यार्ड पदरात पडतो. दुखापतींनी त्याच्या वेगातले काही हिरावून घेतले असेलही, पण थांबायचे कधी आणि घुसायचे कधी, हे ज्ञान गुडघ्यात नसते. ते डोळ्यांत असते, म्हणून ते शेवटपर्यंत त्याच्याजवळ राहिले.

दुसरी गोष्ट आकड्यांत कुठेच दिसत नाही. पासच्या खेळीत रनिंग बॅकला क्वार्टरबॅकचे रक्षण करावे लागते. बचावफळीतला कोण धावून येणार, हे चेंडू हलण्याआधीच ओळखायचे आणि आपल्याहून उंच, वजनदार माणसाच्या छातीत स्वतःहून जाऊन धडकायचे, असे हे काम. हे टाळणारे नामांकित खेळाडू पुष्कळ झाले. गोर ते मनापासून करत असे, आणि माझ्या मते त्याला वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत काम मिळत राहिले, त्यात याचा वाटा मोठा आहे.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये त्याची आई लिझ मूत्रपिंडाच्या दीर्घ आजाराने गेली. त्याच आठवड्यात सेंट लुईसविरुद्ध सामना होता. तो खेळला, दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला, आणि फोर्टीनायनर्सने तो सामना १७-१६ असा एका गुणाने जिंकला. त्या दिवशी त्याच्या मनात काय चालले होते, याबद्दल मी काही लिहिणे योग्य होणार नाही.

संघ मात्र दुबळा होता. गोरच्या पहिल्या सहा हंगामांत फोर्टीनायनर्सने एकदाही पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले नाहीत. २००९ मध्ये सिएटलविरुद्ध एकाच सामन्यात ७९ आणि ८० यार्डांच्या दोन धावा काढून त्याने दोन टचडाउन केले, म्हणजे वेगही शिल्लक होता. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या कंबरेच्या सांध्याचे हाड मोडले आणि हंगाम तिथेच संपला. यापुढचा आकडा मला सगळ्यात थक्क करतो. त्या मोडलेल्या हाडानंतर, २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे, नियमित हंगामातला एकही सामना त्याने चुकवला नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापासून चौतिसाव्यापर्यंतचा हा काळ, आणि बहुतेक रनिंग बॅकची कारकीर्द तर या वयाच्या पुष्कळ आधीच आटोपलेली असते.

त्या सात वर्षांत एक दिवस असा आला, ज्याची सल मला अजूनही जाणवते. ३ फेब्रुवारी २०१३, न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना. मध्यंतरानंतर स्टेडियममधले दिवे गेले आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ खेळ थांबला, तो हाच सामना. बाल्टिमोर रेव्हन्स ३४-२९ ने पुढे. सामना संपायला तीन मिनिटांहून कमी वेळ उरलेला असताना गोर ३३ यार्ड धावला आणि चेंडू रेव्हन्सच्या सात यार्डांच्या रेषेवर आला. त्या दिवशी त्याने १९ धावांत ११० यार्ड आणि एक टचडाउन मिळवला होता. समोर सात यार्ड, हाती चार प्रयत्न. पहिला प्रयत्न दुसऱ्या रनिंग बॅककडे गेला आणि त्यात दोन यार्ड मिळाले. उरले पाच यार्ड. मग एक पास, दुसरा पास, तिसरा पास. तिन्ही मायकेल क्रॅबट्रीच्या दिशेने, तिन्ही अपुरे. शेवटी निकाल ३४-३१ लागला. बचावपटू गर्दी करून उभे असताना पास फेकण्यामागे प्रशिक्षकांचे काही तर्कशास्त्र होते, हे मी समजू शकतो. पण ज्या माणसाने तीन-चार यार्ड मिळवण्यातच सगळे आयुष्य घातले, त्याला ऐन वेळी पाच यार्डांसाठी एकदाही चेंडू मिळाला नाही, हे मला आजही पटत नाही. गोर पुन्हा कधीही सुपर बोल खेळला नाही.

२०१४ नंतर फोर्टीनायनर्सने त्याला जाऊ दिले. एकतिसाव्या वर्षी रनिंग बॅकला बाजारात कोणी विचारत नाही, तरी इंडियानापोलिस कोल्ट्सने तीन वर्षांसाठी १ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. अँड्र्यू लकसारखा क्वार्टरबॅक सोबतीला असल्याने हा संघ अजिंक्यपदापर्यंत जाईल, अशी तेव्हा सगळ्यांचीच अपेक्षा होती. पण लक दुखापतींत अडकला आणि त्या तीन वर्षांत संघ एकदाही प्लेऑफपर्यंत, म्हणजे बाद फेरीपर्यंत, पोहोचला नाही. गोरचे यार्ड मात्र ९६७, १,०२५ आणि ९६१ असे येतच राहिले. तेहतिशी गाठलेल्या रनिंग बॅकने हंगामात हजार यार्ड मिळवण्याची गोष्ट २०१६ आधी थेट १९८४ मध्ये, जॉन रिगिन्सच्या बाबतीत घडली होती. पुढे २०१८ मध्ये मायामी डॉल्फिन्स, २०१९ मध्ये बफेलो बिल्स आणि २०२० मध्ये न्यूयॉर्क जेट्स, असे दरवर्षी नवे गाव आणि नवी जर्सी.

बफेलोत असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्याने बॅरी सँडर्सला मागे टाकून यादीत तिसरे स्थान मिळवले, आणि मग एक जुना वाद उसळला. सँडर्सने १५,२६९ यार्ड अवघ्या दहा हंगामांत मिळवले होते, दर धावेला पाच यार्डांच्या सरासरीने. पेटनच्या विक्रमापासून तो १,४५७ यार्डांवर, म्हणजे एका चांगल्या हंगामाच्या अंतरावर असताना १९९९ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. गोरने केवळ टिकून राहून आकडे जमवले, असे पुष्कळांनी लिहिले. सँडर्स गोरपेक्षा श्रेष्ठ धावपटू होता, याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. तशी धाव पुन्हा पाहायला मिळणार नाही. परंतु ‘केवळ टिकून राहणे’ या शब्दांना माझी हरकत आहे. जिथे दर रविवारी वीस-वीस धडका सोसाव्या लागतात आणि दर वसंतात संघ तुमच्या जागी बावीस वर्षांचा स्वस्त मुलगा आणू पाहतात, तिथे टिकून राहणे आपोआप घडत नाही. दरवर्षी कोणत्या तरी प्रशिक्षकाला असे वाटावे लागते की, हा माणूस हवाच. सोळा वर्षे, पाच संघांत, तसे वाटत राहिले.

शेवटचे वर्ष फार कठीण गेले. जेट्सने पहिले तेरा सामने ओळीने गमावले होते. एकही विजय न मिळवता कारकीर्द संपवायची नाही, असे गोरने उघडपणे बोलून दाखवले होते. २० डिसेंबर २०२० ला लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध जेट्स २३-२० ने पुढे होते आणि चेंडू हातचा गेला असता, तर रॅम्सना बरोबरी साधायला पुरेसा वेळ होता. तिसरा प्रयत्न, हवे होते सहा यार्ड. सदतीस वर्षांचा गोर रेषेमागून बाहेर सटकला, पास झेलला आणि नेमके हवे तेवढे अंतर कापून खाली पडला. पहिला डाउन, म्हणजे नव्याने चार प्रयत्न, मिळाला, घड्याळ चालू राहिले आणि रॅम्सना बरोबरी साधता आली नाही.

पुढच्या रविवारी क्लीव्हलँडविरुद्ध सामना होता. त्या सामन्यात त्याच्या फुप्फुसाला मार लागला आणि हंगामातला उरलेला एकमेव सामना त्याला खेळता आला नाही. एकूण बेरीज नेमकी १६,००० वर थांबली. जून २०२२ मध्ये त्याने फोर्टीनायनर्सबरोबर एका दिवसाचा करार केला आणि ज्या संघाने त्याचे दोन दुरुस्त गुडघे पत्करले होते, त्याच संघाचा खेळाडू म्हणून तो निवृत्त झाला.